पाटीवरचा मासा

आमच्या सरोवराकाठच्या इस्पितळात श्वास देणारं मशीन आहे. एका सुट्या भागाची वाट बघत ते आठ महिने चादरीखाली बसलंय. त्यामुळे ऑपरेशननंतर ज्या तान्ह्या बाळाला श्वास धरता येत नाही, त्याला घरच्या बायका हाताने श्वास देतात. बाळाच्या घशात नळी, नळीला पेरूएवढी रबरी पिशवी. दाबायची, सोडायची, मिनिटाला चाळीस वेळा. मी भूल देणारा माणूस. डॉक्टर नव्हे, पण सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मी आता दुरुस्त करत नाही. बायकांना शिकवणं माझं काम. दाबत बसणं माझं काम नाही.

शिकवताना आधी पिशवी नुसतीच हातात देतो. रिकामी पिशवी भसकन दबते. मग ती बाळाच्या नळीला जोडतो. आता दाबली की हाताला हलका विरोध लागतो, कारण पलीकडे फुप्फुस असतं. एवढा फरक हाताला कळला की बाई तयार झाली.

तीन नंबरच्या खाटेवर पाटी टांगलेली आहे. तासाची पाळी संपली की बाईने पाटीवर आपली खूण काढायची आणि खडू पुढच्या बाईच्या तळहातावर ठेवायचा. खडू जिच्या हातात, पाळी तिची. हा नियम माझाच. त्याने भांडणं मिटतात.

मंगळवारी टियोंगेचं बाळ आलं. दोन दिवसांचा मुलगा, आतडं जन्मतःच बंद. नाळ गळेपर्यंत इकडे नाव ठेवत नाहीत, म्हणून मनगटावरच्या पट्टीवर 'टियोंगेचं बाळ' एवढंच लिहिलं. ऑपरेशन चांगलं झालं. भूल उतरली, पण श्वास काही धरेना. पिशवी टियोंगेच्या हातात दिली. तिच्यासोबत तिची आई होती, न्याम्हांगो आजी. मी आजीला ताल समजावू लागलो तर ती हसली.

"मी सात वर्षांची असल्यापासून मका कांडतेय. तू मला ताल शिकवणार?"

ताल तिचा खरंच पक्का होता. टियोंगेची खूण उभी रेघ, आजीची गोल. बुधवारी दुपारी पाटी पाहिली तर रेघ, गोल, रेघ, गोल आणि मग एक मासा. खडू न उचलता एका वळणात काढलेला, शेपटीशी फुली, डोळा नाही.

"हा कुणी काढला?"

"त्या बाईने. तिची पाळी होती ना," आजी म्हणाली. "सरोवराकडची दिसते. हडकुळी. हात मेले सतत ओले."

शेजारच्या खाटेवरची कुणी मदतीला आली असेल, असं मी धरून चाललो. असं होतं. परक्या माणसाला बाळाला हात लावू देऊ नका, म्हणून दोघींना दटावलं आणि निघालो. व्हरांड्यात आल्यावर आठवलं, हा मासा मी पाहिलेला आहे. मी तो माझ्या हाताने पुसला होता.

हा मासा जिची खूण होती, लुसुंगु तिचं नाव. दोन वर्षांपूर्वी हीच खाट होती. तिच्या बाळाचा तिसरा दिवस, आशा फारशी नव्हती. एवढ्यात बाळंतपणाच्या खोलीत एक मूल निळं जन्मलं, अजिबात रडेना. छोटी पिशवी इस्पितळात एकच. ज्याची आशा जास्त त्याला ती द्यायची, हे कुणीही सांगेल. मी लुसुंगुच्या हातातून पिशवी काढून घेतली. ते निळं मूल वाचलं, तिचं गेलं. ती रडली नाही. संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून होती, तिचा उजवा हात मिटत होता, उघडत होता, मिनिटाला चाळीस वेळा. मी मोजलं होतं, नको असताना. पुढच्या पावसाळ्यात ती सरोवरावर पाणी आणायला गेली आणि परत आली नाही. माझा निर्णय बरोबर होता. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की कंटाळा आलाय.

बुधवारी संध्याकाळी आजीचा हात सुजून वांग्यासारखा झाला. उरली एकटी टियोंगे. मी मनातल्या मनात गणित केलं. एकट्या बाईला दिवसभर हे जमत नाही. गुरुवारी सकाळी मला दुसऱ्या ऑपरेशनला जावंच लागलं. सुटलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. धावतच वॉर्डात आलो.

टियोंगे जमिनीवर गाढ झोपली होती. उशाशी अर्धी खाल्लेली मक्याच्या पिठाची सिमा, तिच्यावर माश्या. आजी भिंतीला टेकून घोरत होती. पाटीवर ओळीने चार मासे होते.

बाळ गुलाबी होतं. छाती वर येत होती, खाली जात होती. मी सवयीने मोजलं. चाळीस.

पिशवीला कुणाचाही हात नव्हता.

तेवढ्यात एस्नार्ट सिस्टर दारात आली. ती बाळंतपणाच्या खोलीतली, सहसा धावत नाही. "डॉक्टर, मूल निळं आहे. रडत नाही. पिशवी द्या लवकर."

तेच शब्द. मी हात पुढे केला. या खेपेला तर हातातून काढून घ्यायलाही कुणी नव्हतं.

पिशवी ओली होती. माझ्या तळहाताखाली ती आत गेली. मी दाबली नव्हती.

मी ओढली. ती आली नाही. जोर असा काही नव्हता. झोपलेलं मूल आईचा पदर धरून ठेवतं, तेवढाच.

"सिस्टर, पिशवी मिळणार नाही," मी म्हणालो.

मी तिच्यामागून पळालो. त्या मुलाच्या नाकातोंडावर तोंड ठेवलं आणि गालातली हवा फुंकायला लागलो, थोडी थोडी. एस्नार्ट छाती बघत मोठ्याने आकडे म्हणत होती. अकराव्या मिनिटाला मूल रडलं. ती देवाचं नाव घेत हसली. मी बाहीने तोंड पुसलं. तोंड मला तेव्हाही होतं. दोन वर्षांपूर्वी अकरा मिनिटं मी दिली असती तर दोन्ही मुलं राहिली असती कदाचित. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

शुक्रवारी टियोंगेच्या बाळाने आपला श्वास आपण घेतला. शनिवारी नळी काढली. पुढच्या आठवड्यात ते घरी निघालं, आजीच्या पाठीला बांधलेलं. टियोंगे दारातून परत आली.

"ती बाई पुन्हा दिसली नाही. तिला बाळाचं नाव सांगायचं होतं."

"तुझ्याशी बोलली का ती काही?"

"एकदाच. डॉक्टर पाळी कधी घेतात, म्हणून विचारत होती."

"मी सांगितलं, तो कसला घेतोय," आजी दारातूनच म्हणाली. मी हसल्यासारखं केलं.

ते गेल्यावर मी ओल्या फडक्याने पाटी स्वच्छ पुसली. खाटेवर धुतलेली चादर घातली. पिशवी उकळून, वाळवून खिळ्याला टांगली आणि जेवायला गेलो. उजव्या हाताची बोटं सारखी मिटत होती. पाणी पिऊन परत आलो.

पाटीवर एक मासा होता.

खाटेवर कुणी नव्हतं. चादरीच्या मधोमध मात्र तान्ह्या बाळाएवढा खळगा पडला होता. पेन काढायला म्हणून मी कोटाच्या खिशात हात घातला. हाताला खडू लागला. ओला.

मी स्टूल ओढलं, पिशवी खिळ्यावरून काढली. तिचं तोंड उघडं होतं, ती कुठल्याही नळीला जोडलेली नव्हती.

मी हलकेच दाबली. ती भसकन दबली नाही.