कॉइल गेली, अण्णा

अण्णांची जुनी पेट्रोल पिकअप दुपारी ढकलत गॅरेजात आली. त्या काळच्या गाड्यांचं सगळं हातानं उघडून बघता यायचं. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं.

"मिस्त्री, गाडी म्हातारी झाली की तुझे हात?"

"दोघंही, अण्णा."

हसताना मिस्त्रीनं त्यांच्या डोळ्यांत बघणं टाळलं. अकरा वर्षं तो तेच करत आला होता.

त्यानं कॉइलची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. "मारा स्टार्टर, अण्णा." निळी, कडक ठिणगी उडाली. म्हणजे कॉइल ठणठणीत. वायर परत डिस्ट्रिब्युटरला लावून त्यानं एका प्लगची धरली. काहीच नाही. चारही प्लगांची तीच गत.

ठिणगी डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली जात होती, बाहेर येत नव्हती. आत रोटर नसला की असं होतं. पण रोटर जागेवर होता. त्यानं नवा कोरा घालून पाहिला. तरी तेच.

मिस्त्रीच्या मानेला घाम फुटला. बोटाएवढा हा तुकडा चारी प्लगांना ठिणगी वाटतो. काम अर्धं राहिलं तर गाडी कुणी नेऊ नये, म्हणून तो रोटर काढून खिशात ठेवायचा. अकरा वर्षांपूर्वी त्या पहाटेही याच गाडीचा ठेवला होता. अण्णा धावत आले, वहिनींना कळा सुरू झालेल्या. त्यानं घाईत चावी दिली. स्टार्टर नुसता घरघरत राहिला. खिशात हात गेला तेव्हा त्याला आठवलं, पण भोवती अख्खी गल्ली जमली होती. लाजेनं तो म्हणाला, "कॉइल गेली, अण्णा." वहिनी चालत निघाल्या. दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचल्या नाहीत.

"अजून एकदा मारा," तो पुटपुटला.

घरघरीखाली कुणीतरी दात आवळून कण्हत होतं. चावी सुटली की तेही थांबे.

"अण्णा, ऐकलंत?"

"मी रोजच ऐकतो."

मिस्त्रीनं टोपण वायरींवर लोंबतं सोडलं, रोटर काढला आणि तळहातावर घेऊन अण्णांच्या खिडकीपाशी गेला. मान वर होईना.

"त्या दिवशी कॉइल गेली नव्हती. रोटर माझ्या खिशात होता. मला ठाऊक होतं."

अण्णांनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि चावी फिरवली.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

उघडं बॉनेट आपल्या वजनानं खाली आलं. अण्णांनी वाकून पलीकडचं दार ओढून घेतलं.

"टेकून बस," ते म्हणाले. मिस्त्रीला नव्हे.

गाडी एकेक खड्डा चुकवत, हळू निघाली, दोन जिवांची बाई आत असावी तशी.

रोटर मिस्त्रीच्या मुठीतच होता.