शेवटच्या बाकावरचा खोटारडा

"काहीच पोचलं नाही हो!"

आवाज वरून आला. तोही गुरुवारी भरदुपारी, रिकाम्या चर्चमध्ये! देवाच्या घरात वरून असं कुणी बोललं, तर माणसाचं काय होईल? पुढे उभं राहून वाचनाचा सराव करणाऱ्या तिचं तेच झालं. हातातलं बायबल पडता पडता राहिलं. घाबरून वर पाहिलं, तर... देव नव्हता. स्पीकर दुरुस्त करणारा एक तरुण शिडीच्या टोकावर बसून हसत होता.

"लपून ऐकता काय?" ती कडाडली.

"लपून? मी केव्हाचा इथेच आहे. तुम्हीच मांजरीच्या पावलांनी आलात. वाचलंतही तसंच."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"अरे वा! हा आवाज मात्र छान पोचला!"

आता या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. पण तेव्हाची ती डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहते... ताठ मान, गालावर राग आणि मागे नीट न बसणारे केस.

तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एके दिवशी एक म्हातारी आपल्या गेलेल्या नवऱ्याचा चष्मा घेऊन आली. "यात माझ्या नंबरच्या काचा बसतील का ग?" काचा बसल्या, पण म्हातारी काही उठेना. मग हिने स्टूल ओढलं, तिचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात दोन शब्द प्रार्थनेचे म्हटले. गिऱ्हाइकं खोळंबली, मालक वैतागले. पण त्या दिवसापासून हिच्या मनाने घेतलं, की आपल्याला हेच करायचंय. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही व्हायचं. नोकरी सांभाळून चर्चच्या मंडळीतल्या आजारी, एकट्या माणसांकडे जायचं, रविवारी उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायचा. त्यासाठी दूरच्या शहरात वर्षभर शिक्षण घ्यावं लागे आणि तिथे कुणाला धाडायचं ते पाळकसाहेब नि मंडळीची कमिटी ठरवी.

"हिला म्हणे देवाने बोलावलंय!" आत्या म्हणायची. आई गेल्यापासून आत्यानेच तिला वाढवलं होतं आणि कमिटीतही आत्या होतीच. "मी तासभर हाका मारतेय त्या ऐकू येत नाहीत, देवाची बरी ऐकू येते!"

पाळकसाहेबांची अट एकच. माइकशिवाय आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. लाइट गेली म्हणून शास्त्रपाठ थांबायचा का? पण त्यांचे स्वतःचे कान आता थकले होते. म्हणून त्यांनी स्पीकरवाल्यालाच सांगितलं, "तू यातला जाणकार. दर गुरुवारी मागे बसून ऐक. पोचला, की मला सांग."

चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात, त्या अशा!

मग दर गुरुवारी ती पुढे उभी आणि तो शेवटच्या बाकावर, कानामागे हात धरून.

"अजून थोडं..." तो मान हलवी. "गळ्यातून नको. छातीतून येऊ द्या."

"तुम्हाला हो काय कळतं छातीतलं?"

"थोडंफार..." असं म्हणून तो हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडेच बघत बसला. तिला हसू आलं आणि पुढची ओळ चुकली.

एकदा निघताना पाऊस आला. दोघं पोर्चमध्ये अडकली. पागोळ्यांचे तुषार तिच्या हातावर उडत होते आणि तो त्या हाताकडे न बघण्याची फार मेहनत घेत होता.

"चष्म्याच्या दुकानात असून तुम्हाला चष्मा नाही?"

"नजर चांगली आहे माझी. कोण कुठे बघतंय, सगळं दिसतं."

बिचारा एकदम पावसाकडे बघायला लागला. आणि ती? पाऊस थांबूच नये असं तिला वाटत होतं आणि असं वाटतंय म्हणून भीतीही वाटत होती. देवाच्या कामाला निघालोय आपण, आणि लक्ष कुठे आहे!

अशात कमिटीची बैठक झाली. पाळकसाहेबांनी तिला जवळ बसवून सांगितलं, "पोरी, यंदा राहू दे. आवाज पोचत नाही म्हणतो तो. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या गुरुवारी ती आली, पण पुढे गेली नाही. मागेच, त्याच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

"आज वाचायचं नाही?"

"आता कशाला? यंदा नको म्हणाले." ती हातांकडे बघत राहिली. "खरं सांगू? बोलावणं वगैरे काही नव्हतंच. माझ्याच मनाचे खेळ. देव ज्याला बोलावतो, त्याला आवाज तरी देतो ना? मला नाही दिला."

आणि तिचे डोळे भरून आले. एवढं टाकून बोलणारी ती, पण त्या क्षणी लहान मुलीसारखी रडली.

तो पांढराफटक पडला. "चला."

"कुठे?"

"पाळकसाहेबांकडे. आत्ताच्या आत्ता."

पाळकसाहेब आणि आत्या चहा घेत बसले होते. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "यांचा आवाज पोचतो. मागे बसून ऐकलं त्या पहिल्याच गुरुवारी पोचला होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"का रे बाबा?"

"पोचला म्हटलं असतं, तर..." त्याचे कान लाल झाले. "गुरुवार संपले असते."

पाळकसाहेबांचे कान थकलेले खरे, पण हे त्यांना एका झटक्यात ऐकू आलं. आत्याने कप आपटला. "मेल्या! पोरीचं आयुष्य म्हणजे काय खेळणं वाटलं तुला?" आणि लगेच पाळकसाहेबांकडे वळून, "नाव यंदाच जाऊ द्या हिचं!"

ती तोवर अंगणात निघून गेली होती. तो मागोमाग गेला.

"मी देवाशी भांडले!" ती गर्रकन वळून म्हणाली. "बोलावलंस तर आवाज का नाही दिलास, असं विचारलं त्याला! आणि करणी सगळी तुमची!"

"होय. माझीच." तो हसत नव्हता. "तुम्ही जा. शिका. माझं काय ते... जाऊ दे."

"जाऊ दे काय? खोटं घडाघडा बोलता येतं, मग खरं बोलताना काय होतं?"

"मला तुम्ही आवडता. लग्न करावंसं वाटतं तुमच्याशी. पण आज विचारणार नाही. विचारलं आणि तुम्ही जायचं रद्द केलंत तर? एकदा अडवलं, तेवढं पुरे झालं."

तिचा राग गेला नाही, तो पुढे चांगला महिनाभर टिकला. पण आतली भीती मात्र त्या क्षणी गेली. इतके दिवस तिला वाटत होतं, की देव एका बाजूला आणि हा माणूस दुसऱ्या बाजूला, मध्ये आपली ओढाताण. आणि हा वेडा तर स्वतःच तिला तिकडे पाठवत होता!

"मी जाणार," ती म्हणाली. "आणि तुम्ही वाट बघणार. मुकाट्याने."

"मुकाट्याने?"

"जमेल?"

"जमवतो."

ती गेली, शिकून आली. लग्नात आत्याच सगळ्यात जास्त रडली आणि "डोळ्यांत कचरा गेला" म्हणाली.

आता तिचे केस पिकलेत. कुणी आजारी आहे, कुणाच्या घरी दुःख झालंय असं कळलं, की तो स्कूटर काढतो, तिला दारापर्यंत सोडतो आणि बाहेर फाटकाशी उभा राहतो. कधी ऊन असतं, कधी पाऊस. आत किती वेळ लागेल, हे त्याने तिला आजवर एकदाही विचारलेलं नाही.