राजहऱ्याचा उतार

मी व्रतावर राहणारी बाई आहे. देवाचं नाव घेऊन खोटं लिहिणार नाही. घडलं तसंच सांगते.

साल १९६१. सोमवार, दिवेलागणीची वेळ. भिलाईचा कारखाना उभा राहत होता. जवळच्या रुआबांधा वस्तीच्या कडेला आमची एक खोली होती.

माझे मालक, पुंडलिक, राजहऱ्याच्या खाणीच्या डोंगरावरून लोखंडाच्या दगडानं भरलेला ट्रक उतरवायचे. उतारावर गाडी कायम खालच्या गिअरात. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. गिअर काढून न्यूट्रलमधे सोडली, की गाडी वेगानं सुटते, पण मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात…

आणि मग धरत नाहीत.

सोमवारचा माझा उपास ते घरी आल्यावरच सुटायचा. त्यांना नेहमी उशीर. त्या सकाळी मी म्हटलं, आज तरी उजेड आहे तोवर या.

ते हसले. "मंग काय न्यूट्रलमधे सोडू गाडी? तुह्या महादेवाले सांग, सांभाळ म्हणा."

मी म्हटलं, "सोडा."

एवढंच.

संध्याकाळी ट्रकचा आवाज आला. घर्रर्र… खालच्या गिअरातला. सावकाश.

मी पाय धुवायला पाणी काढलं.

मग लक्षात आलं… इथली जमीन तर सपाट. इथे कोण उतरून राहिलं?

शेजारच्या गयाबाईही दारात आल्या. म्हणाल्या, "कोनाचा ट्रक व्हय हा? कवाचा येऊन राहिला, अन् येत कावून नाही?"

रस्ता रिकामा. धूळसुद्धा नाही.

फक्त जळक्या ब्रेकचा वास…

थोड्या वेळानं मालकांचे सोबती दयाराम बातमी घेऊन आले. ट्रक दुपारीच त्यांना घेऊन दरीत गेला होता. गिअर न्यूट्रलमधे सापडला. सगळे म्हणाले, पुंडलिक बेफिकीर निघाला.

"सोडा" मी म्हटलं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

सात वर्षं झाली. दर सोमवारी तो आवाज येतो. तसाच, सावकाश. मी जप करत बसते.

गेल्या सोमवारी आमच्या नलूनं विचारलं, "माय, बाबाले गाडी चालवता येत नव्हती काय?" शाळेत कोणीतरी तिला म्हटलं होतं.

मी म्हटलं, थांब, आधी दिवा लावू दे.

तेवढ्यात…

या वेळी इंजिनाचा आवाज नव्हता.

नुसती चाकं. वेगानं. घराकडे.

नलूला पोटाशी धरून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा रस्त्यावर काहीच नव्हतं.

आज पुन्हा सोमवार आहे. आणि नलूला मी अजून सांगितलेलं नाही.