चौदा नंबरची जागा

किल्लीमामा छाती ठोकून सांगायचा, की आपण फसवू शकलो नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि छातीवरचा हात खाली यायच्या आतच कबूल करायचा, की सातवीचे मास्तर तेवढे फसले नाहीत. लागोपाठ तीन वर्षं फसले नाहीत, म्हणून तर तो शिकणाऱ्यांच्या अभ्यासिकेला कुलपं लावायच्या नोकरीत आला.

अभ्यासिका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. लांबट खोली, चाळीस टेबलं, प्रत्येकाला तीन बाजूंनी फळ्यांचा आडोसा आणि वर पांढऱ्या रंगात घातलेला नंबर. आत बोलायला बंदी. पंख्यांची घरघर, पानांची सळसळ आणि कुणाच्या तरी उपाशी पोटाची गुरगुर, एवढंच काय ते ऐकू यायचं. तिथला एक नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे: ज्याची पिशवी, त्याची जागा. माणूस चहाला जावो नाहीतर घरी जाऊन झोपो, टेबलावर पिशवी असली की तिथे दुसरं कुणी बसायचं नाही. दोघांच्या पिशव्यांची अदलाबदल करायची आणि त्या दोघा पदवीधरांना मुक्यानं, हातवारे करत भांडताना बघायचं, हा किल्लीमामाचा रोजचा नाश्ता होता.

एका सकाळी तो नेहमीसारखा टेबलं पुसत होता, तेव्हा धाकटी बहीण जिना चढून आली. मागे तिची मुलगी.

"दादा, हिला इथे बसव बाबा. घरी नुसती भिंतीकडे बघत बसते."

भाची छोट्या कॉलेजात गणित शिकत होती, आणि तिथे तिसऱ्या वर्षाला गणित शिकवायला माणूसच नव्हता. मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, तर बदलीची परीक्षा द्यावी लागायची. गणिताच्या जागा चार. परीक्षा दोनदाच देता यायची. पहिली खेप मागच्या वर्षी हुकली, आणि तेव्हापासून पोरीचं मनच उडालं होतं. दाजी शिंपी, मोजूनमापून बोलणारे. त्यांनी एकदाच सांगून ठेवलं होतं: यंदाही नाही जमलं, तर काजं-बटणांच्या मशीनवर बसायचं आणि पुन्हा पुस्तकाचं नाव काढायचं नाही.

बहीण गेल्यावर मामानं भाचीला जिन्यात गाठलं. "काय पंडितीणबाई, अभ्यासाशी कट्टी का?"

"कुणाच्या जोडीनं करू मामा? या परीक्षेला आमच्या कॉलेजातून मी एकटीच. पुढे कोण आहे, मागे कोण आहे, काही कळत नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं होतं."

आवाज पाहिजे होय, मामा मनात म्हणाला. एवढंच ना? देतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं भाचीला पंधरा नंबरला बसवलं. शेजारच्या चौदा नंबरवर एक खाकी पिशवी होती, भाचीकडे होतं तेच जाडजूड पुस्तक, एक वही आणि चावलेली पेन्सिल. पेन्सिल मामानं स्वतः चावली होती.

"तुझ्याच परीक्षेला बसतोय हा," तो तिच्या कानाशी लागला. "सकाळी सहाला येतो, मी मागचं दार उघडून देतो. नवाला कामावर जातो. संध्याकाळी तू गेलीस की पुन्हा हजर."

"कसा आहे?"

"कुणाला ठाऊक! मी आपली त्याची पाठच बघतो. मान वर करतोय कुठे?"

भाचीनं मान लांब करून पलीकडच्या पुस्तकातली खूण पाहिली. पान बासष्ट. ती स्वतः साठावर अडली होती. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि संध्याकाळपर्यंत ती उठली नाही.

किल्लीमामाला मनात उकळ्या फुटाव्यात असं काम कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. तो रोज पेन्सिलीला टोक करून थोडा भुगा टेबलावर सांडायचा. खुर्चीच्या उशीत गुडघा रोवून खळगा पाडायचा. वही कोरी दिसू नये म्हणून पुस्तकातली चिन्हं आंधळेपणानं उतरवून काढायचा, एक सरळ, एक वाकडं, जशी हाताला येतील तशी. परीक्षेचे अर्ज आले तेव्हा भाचीसाठी एक आणलाच, शिवाय दुसरा आणून चौदा नंबरच्या पिशवीखाली अर्धा दिसेल असा सरकवला. कोराच. आणि एक गोष्ट तो कधी चुकवायचा नाही: खूण कायम भाचीच्या दोन पानं पुढे. ती दमली तरी हा दमायचा नाही. ती शंभर करो की तीनशे, हा आपला दोन पानं पुढे.

पोरगी पेटली. डोळ्यांखाली काळं आलं, पण त्या डोळ्यांत जीव आला. बहीण म्हणाली, "दादा, काय जादू केलीस रे?" मामानं मिशीवरून हात फिरवला.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर पिशवीखालचा तो कोरा अर्ज दिसेना. झाडूवालीनं टाकला असेल, असं म्हणून मामानं विषय सोडला.

मग एका दुपारी डबा खाताना भाची म्हणाली, "रागावू नकोस. मी त्याची वही बघितली."

"मग? सापडली का एखादी चिठ्ठी?"

"थट्टा नको ना. आठवडाभर माझं एक गणित अडलं होतं. त्यानं चार ओळींत सोडवलंय. वर काहीतरी वेड्यासारखं खरडलं होतं, ते आधी खोडलंय. नीट, पट्टी लावून."

मामाच्या हातातला घास हातातच राहिला. वेड्यासारखं खरडलेलं ते त्याचं होतं.

भाची घरी गेल्यावर त्यानं वही उघडली. त्याच्या सगळ्या चिन्हांवर बारीक सरळ रेघ मारलेली, आणि खाली डावीकडे झुकलेलं, मुंगीएवढं, स्वच्छ अक्षर. पानामागून पान. इथल्या कार्ट्यांपैकी कुणीतरी आपल्यालाच बनवतंय, असं त्यानं ठरवलं. चोरावर मोर! त्याला थोडं कौतुकही वाटलं. म्हणाला, बघतोच.

सुट्टीच्या दिवशी अभ्यासिका बंद असायची. भर दुपारी तो आत गेला आणि आतून कडी लावली. पंखे बंद होते. खिडक्यांमधून पिवळं ऊन जमिनीवर पडलं होतं, त्यात धूळसुद्धा हलत नव्हती. जुन्या कागदांचा आणि तापलेल्या लाकडाचा वास कोंडला होता. निघण्याआधी आदल्या संध्याकाळी त्यानं सगळं बघून ठेवलं होतं: भाचीचं पान तीनशे तीन, चौदा नंबरची खूण तीनशे पाच. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला. तिथून चौदाच्या आडोशाची फक्त पाठ दिसायची.

बराच वेळ काही झालं नाही. त्याला डुलकी लागत होती.

तेव्हा ते आलं. बारीक, सलग... कागदावर पेन्सिल चालल्याची खरखर.

त्यानं श्वास रोखला. खरखर थांबली. श्वास सोडला, पुन्हा सुरू झाली. पुन्हा रोखला... पुन्हा थांबली. आपल्याच श्वासावर कुणीतरी लिहितंय, असं वाटून त्याच्या पाठीतून घामाचा एक थेंब सावकाश खाली गेला.

"कोण... कोण आहे रे?"

फक्त एक पान उलटल्याचा आवाज आला. जरा जोरात. गडबड करणाऱ्याला शहाणी मुलं तोंडानं काही न बोलता गप्प करतात, अगदी तसा.

मामा उठला. चौदापर्यंत गेला. खुर्ची रिकामी होती. उशीवर हात ठेवला, तर ती ऊबदार. खूण तीनशे दहावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची जिन्यातूनच खुशीत सांगत आली, "मामा, काल मी घरी बसून पाच पानं जास्त केली. तीनशे आठ झाली!"

त्या दिवशी किल्लीमामानं पहिल्यांदा एकही थट्टा केली नाही. संध्याकाळी पिशवी, पुस्तक, वही, सगळं उचलून खालच्या कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि भाचीला सांगून टाकलं, "चौदा नंबरनं नाद सोडला. गेला घरी."

तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. ती तीन दिवस रिकाम्या टेबलाकडे बघत बसली. चौथ्या दिवशी तिनं पुस्तकच उघडलं नाही. परीक्षेला वीस दिवस राहिले होते.

इकडे आड, तिकडे विहीर. पाचव्या सकाळी मामा मन घट्ट करून पिशवी परत आणायला कपाटाशी गेला. कुलूप जसंच्या तसं होतं. कपाट रिकामं. वर आला, तर भाची पंधरा नंबरला खाली मान घालून लिहीत होती आणि चौदा नंबरवर पिशवी होती.

"आला परत," ती वर न बघता म्हणाली. "चार दिवसांत पन्नास पानं पुढे गेलाय मेला."

तेव्हा मामानं तिला ओढतच जिन्यात नेलं आणि सगळं सांगितलं. पिशवी, भुगा, खळगा, चावलेली पेन्सिल.

भाचीनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तो नाहीच?"

"नाही ग बाई. आईशप्पथ नाही."

"मग ती गणितं कुणी सोडवली? तू?"

"मी कसला... मी सातवी नापास."

"मामा, मी हरेन अशी भीती वाटते ना तुला? म्हणून त्याला नाहीसा करतोस. करू नकोस. तो आहे म्हणून मी बसते."

आणि ती आत गेली.

परीक्षा झाली. पेपर देऊन ती आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. पेपर सोपा गेला होता. "माझ्या पुढच्याच बाकावर होता," एवढंच म्हणाली. "तू म्हणायचास तसाच. पाठ तेवढी दिसली."

निकालाच्या दिवशी ती दुपारी अभ्यासिकेत आली. अभ्यासिका ओस होती, परीक्षा संपल्यामुळे. हातात यादीची प्रत. यादीत नावं नव्हती, नुसते नंबर.

"पाचवी," ती म्हणाली. "चौथ्यापेक्षा एक मार्क कमी. चौथ्याचा नंबर माझ्या लगेच आधीचा आहे."

"अग मग झालंच की!" मामा हसायला गेला. "तो थोडाच प्रवेश घ्यायला येणार आहे? जागा तुझीच..."

"घेतलाय. सकाळी. मी खिडकीवर विचारून आले."

"कुणी पाहिला त्याला?"

"खाली मान घालून सही करत होता म्हणे. अक्षर फार सुंदर आहे म्हणत होते."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भाचीनं यादीची घडी घातली, मग आणखी एक घडी, मग आणखी एक. बोटं शिंप्याच्या घरची, घड्या एकाला एक लागत होत्या.

"बाबांनी मशीनला तेल घालून ठेवलंय. उद्यापासून काजं."

"गंमत होती ग ती... तू अभ्यास करावास म्हणून. मी त्याला तुझ्या जरासा पुढे ठेवायचो, बस्स... जरासाच..."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती चौदा नंबरकडे बघत होती. तिथे पिशवी होतीच. शेजारी पेन्सिलीचा ताजा भुगा. आणि एक नवं, जाड पुस्तक, तिसऱ्या वर्षाचं. असलं पुस्तक वाचनालयात नव्हतं, आणि किल्लीमामानं कुठूनही आणलं नव्हतं. खूण पान दोनवर होती.

"मामा, त्याला तू बसवलंस," भाची म्हणाली. "आता उठव."