आर्या कुणाची?

"कुणाची गं ही आर्या? रोज दिवेलागणीला हाका! हिच्या बापाच्या घशाला कोरड कशी पडत नाही म्हणते मी!"

नलूकाकू वैदेहीच्या कानाशीच कुरकुरत होत्या. त्यांचाही इलाज नव्हता. ती जुनी जाळीची लिफ्ट. त्यात दोन बायका आणि एक भाजीची पिशवी मावली तरी खूप.

"आपल्या बिल्डिंगमध्ये तीन आर्या. तिघींच्या घरी विचारून आले. एक बंगलोरला असते. दुसरी त्या वेळी क्लासला. आणि तिसरी आर्या... मेला तो मुलगा निघाला!"

वैदेही हसली.

हाका तिलाही ऐकू येत होत्या.

ती फक्त... त्यावर बोलत नव्हती.

पुढे जे सांगतेय ते घडलेलं आहे. वैदेही माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी. दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर राहते. गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार, तिन्हीसांजेची वेळ. त्या खोलीत तिघी बायका होत्या. एकीने माझ्याशी बोलणं टाकलंय, एक बोलता बोलता मध्येच थांबते, आणि तिसरी वैदेही. विश्वास ठेवा, नका ठेवू. मी आपली तेव्हापासून जिन्याने जाते.

तर वैदेहीचा नवरा, रघुवीर.

लोअर परळला जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर उठतोय. चिमणी तेवढी ठेवलीय, शोभेला. त्या साइटवर रघुवीर सेफ्टी ऑफिसर. माणूस वाईट नाही हो. झोपायच्या आधी गॅसचा नॉब दोनदा बघणारा. दिवाळीचा कंदील लावायला वैदेही स्टुलावर चढली, तर खालून स्टूल धरून उभा राहणारा.

साइटवर मात्र त्याचं सगळं लक्ष कपाटाकडे असायचं. नव्या कोऱ्या सेफ्टी बेल्टचं कपाट.

"कव्हरसुद्धा काढू दिलं नाही मी," तो एकदा कौतुकाने म्हणाला होता. "वापरले की मळतात. सरकारी साहेब तपासणीला आले की काढायचे, घालून उभं करायचं सगळ्यांना, गेले की परत कपाटात."

"आणि मधल्या दिवसांत कुणी पडलं तर?" वैदेहीने भाकरी थापता थापता विचारलं होतं.

"तू ना... शुभ बोल."

शुभ बोलून काय होतंय?

गणपती गेले, आणि त्या आठवड्यात धोंडू पडला.

धोंडू वरळीच्या बीडीडी चाळीतला. आजा गोदीत खलाशी, बाप गिरणीत, आणि हा टॉवरला बाहेरून काचा बसवणारा. दोरावर झूला सोडतात ना, त्यात उभा राहून.

त्या दिवशी रघुवीर जेवला नाही.

"पट्टा अंगावर होता त्याच्या," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "हुकच लावला नव्हता. आता ह्याला आपण काय करणार?"

वैदेही उठली. तिने कपडे मशीनला लावायला घेतले. त्याच्या पँटचे खिसे तपासले. उजव्या खिशात हाताला काहीतरी चुरचुरीत लागलं.

प्लॅस्टिकची पिशवी. कोरी. बारीक घडी घालून कोंबलेली. वर चित्र होतं, पट्टा घातलेल्या माणसाचं.

चित्रातला माणूस हसत होता.

तिने काही विचारलं नाही. पिशवी केराच्या डब्यात गेली. वास मात्र बोटांना राहिला. शाळा सुरू होताना पोराला नवं दप्तर घेतो, त्या दप्तरासारखा वास.

साबणाने गेला नाही. लिंबानेही नाही.

मग दसऱ्याच्या सुमाराला त्या साइटचा ठेकेदार गेला.

त्याच्या राहत्या बिल्डिंगमध्ये गाड्या खाली नेणारी लिफ्ट आहे. तिच्या खड्ड्यात सापडला. तिथे तो कशाला उतरला... कुणालाच सांगता आलं नाही. अंगावर रात्रीचे कपडे.

आणि कपड्यांवर पट्टा.

"उलटा," रघुवीर म्हणाला. फोन ठेवला तरी हात कानालाच होता. "हुक पाठीवर असतो, वैदेही. त्याच्या छातीवर होता. उलटा बांधला होता कुणीतरी."

"मग? त्यात एवढं घाबरायला काय झालं?"

तो उठून गॅसचा नॉब बघून आला.

दिवाळीनंतर साइटचा सुपरवायझर वसंत, त्याची पाळी आली. तो जगला. जगला म्हणायचं आपलं. वैदेही मोसंबी घेऊन परळच्या हॉस्पिटलात बघायला गेली. तळमजल्यावरचा वॉर्ड. वसंतने खाटेचे दोन्ही कठडे गच्च धरलेले, डोळे सताड उघडे. छातीवर नि खांद्यांवर पट्ट्याचे काळेनिळे वळ.

"हबेस..." तो पुटपुटत होता. "हबेस... हबेस..."

"काय म्हणतात हो?"

"वातात बडबडतोय," रघुवीर घाईने म्हणाला.

वसंतच्या बायकोने मान हलवली. "डोळे मिटले की खाली पडतोय म्हणतात. गादी काढून जमिनीवर घातली. तरी पडतात. दिवसरात्र पडतायत, वैनी... अजून खाली पोचले नाहीत."

परत येताना रघुवीर जिन्याने वर आला. डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितलेला माणूस. त्या दिवसापासून तो लिफ्टकडे बघतही नव्हता.

आणि त्याच आठवड्यात हाका सुरू झाल्या.

लिफ्टच्या विहिरीतून. खालून वर.

"आर्या..."

पुरुषाचा आवाज. रागावलेला नाही. दमलेला. पहिल्या मजल्याशी असायचा. मग दुसऱ्या. रोज थोडा वर.

रघुवीर टीव्हीचा आवाज मोठा करायचा.

आता तो गुरुवार.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूच्या मृत्यूची सुनावणी होती. ठेकेदार गेलेला, वसंत कामातून गेलेला. साक्षीला उरला एकटा रघुवीर. आतल्या खोलीत तो घोकत होता. "पट्टा दिला होता. त्याने हुक लावला नाही. चूक त्याची." एवढं म्हटलं की तो सुटणार होता, कंपनी सुटणार होती. आणि धोंडूच्या नावाला कायमचं लागणार होतं, की स्वतःच्या बेपर्वाईने मेला.

बाहेर वैदेहीने महालक्ष्मीचा घट मांडला होता. नलूकाकू हळदीकुंकवाला आल्या होत्या. दूध पिऊन झालं, पुढचा विषय सुनेचा.

दाराशी कुणीतरी उभं राहिलं.

"साहेब हायत?"

साधी सुती साडी. कपाळ मोकळं. चार जिने चढून आलेली, तरी धाप नव्हती. "मी अंबिका. धोंडूची मंडळी."

वैदेहीच्या हातात कुंकवाची कोयरी होती. सवयीने हात पुढे गेला... आणि मध्येच थांबला.

"राहू दे, वैनी," अंबिका म्हणाली. तिनेच वैदेहीला अवघडू दिलं नाही. "मी भांडूक नाय इलंय. साहेबांना एक विचारायचंय. उद्या तिकडे वकील असतील, माका बोलू देणार नाहीत."

वैदेहीने तिला बसवलं. दुधाचा पेला हातात दिला. तेवढंच सुचलं.

आणि तेव्हा...

"आर्या..."

अगदी दाराबाहेरून. चौथ्या मजल्यावरून.

"ही बघा! आली हाक!" नलूकाकू उसळल्या. "आज धरतेच हिच्या आईबापाला!"

अंबिकाच्या हातातलं दूध हिंदकळलं. पेला तिने हळूच खाली ठेवला.

"ही पोरीची हाक नाय, काकी," ती म्हणाली. "हे आमचे हे."

नलूकाकू अर्ध्या उठल्या होत्या, तशाच खाली बसल्या.

"आर्या म्हणजे खाली घे. हबेस म्हणजे वर ओढ. गोदीतले शब्द. आता क्रेनवर, झूल्यावर, सगळीकडे तेच बोलतात." तिने पदराने ओठ पुसले. "त्या दिवशी एका बाजूचा दोर सुटत होता. ह्यांनी वायरलेसवर सांगितलं, आर्या. पुन्हा सांगितलं, आर्या. वसंतसाहेब म्हणाले, हबेस. काच बसवूनच उतर. तुमच्या साहेबांकडेही वायरलेस होता, वैनी. साइटवर सगळ्यांनी ऐकलं, त्यांनीही ऐकलं."

आतल्या खोलीतलं घोकणं थांबलं होतं.

"ते जाऊ दे. माका इतकंच सांगा. मी त्यांना हॉस्पिटलात बघितलं. पट्टो उलटो होतो. जलमभर दोरावर लटकणारो माणूस... पट्टो उलटो बांधतलो?"

खट्.

आतून आवाज आला. कडी अडकल्यासारखा.

मग वास आला. नव्या दप्तराचा.

रघुवीर दारात येऊन उभा राहिला. घरातला सदरा-पायजमा. आणि त्यावर... पट्टा. कोराकरकरीत, नारिंगी. प्लॅस्टिकचं फाटकं कव्हर खांद्याला लोंबत होतं. हुक छातीवर.

"वैदेही," तो लहान मुलासारखा म्हणाला, "हे निघत नाहीये गं."

नलूकाकूंच्या हातातली वाटी पडली.

"बांधलं कुणी तुम्हाला?"

"कुणी नाही... खोलीत कुणीच नव्हतं..."

बोलता बोलता त्याच्या टाचा उचलल्या गेल्या. वैदेहीने नीट बघितलं. आधी टाचा. मग चवडे. मग नुसते अंगठे फरशीला टेकलेले.

वर छत होतं. छताला पंखा होता. पट्ट्याला दोर नव्हता.

तरी कुणीतरी त्याला वर ओढत होतं. आणि हळूहळू... गॅलरीकडे.

गॅलरीची काच आपोआप सरकली.

वैदेहीने धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारली. तिचं वजन काही कमी नाही, हे ती स्वतःच सांगते. तरी ती फरशीवरून घसरत निघाली.

"आर्या!" ती ओरडली. "आर्या! आर्या!"

"आर्या!" नलूकाकूही ओरडल्या. मग रडत रडत, सवयीने, "अगं आर्या, ये गं बाई खाली!"

काही झालं नाही. रघुवीरचे अंगठेही सुटले.

"अंबिकाताई, तुम्ही म्हणा! तुमचं ऐकतील ते!"

अंबिका उठलीसुद्धा नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण चेहरा... तो चेहरा वैदेहीला अजून स्वप्नात दिसतो. त्यावर राग नव्हता. वाट बघणं होतं.

"ह्यांचं तेव्हा कुणी ऐकलं?" ती म्हणाली. "आधी साहेबांना सांगू दे. पट्टो कोणी बांधलो?"

"सांगा!" वैदेही किंचाळली. "अहो, सांगून टाका काय ते!"

"मी... मी पट्टा दिला होता," रघुवीरच्या तोंडून आलं. घोकलेलंच. "त्याने हुक..."

खट्.

पट्टा आवळला. बरगडी मोडल्याचा आवाज वैदेहीने ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा.

"खरं बोला हो!"

"हुक त्याने... चूक त्याची..."

खट्.

आता त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. जीव जात असताना माणूस खरं बोलतो म्हणतात. कसलं काय. इतके दिवस घोटून घोटून जिभेला तेवढंच वळण उरलं होतं.

कंबर गॅलरीच्या कठड्याशी आली. खाली रस्त्यावर माणसं नारळ, फुलं घेऊन घरी चालली होती. वर कुणी बघत नव्हतं.

"आर्या..."

आवाज आता खोलीतच होता. वैदेहीच्या कानाशी. नलूकाकू लिफ्टमध्ये कुरकुरायच्या ना... तितका जवळ.

वैदेहीच्या बोटांना तो वास येत होता. तिच्या बोटांना तो कधीपासूनच येत होता.

बोललं, तर नवरा तुरुंगात. नोकरी गेली. नलूकाकूंच्या तोंडून उद्या सगळ्या गल्लीत.

नाही बोललं, तर...

तिने मिठी सोडली नाही. तोंड तेवढं वर केलं. शेजारीण ऐकतेय, धोंडूची बायको ऐकतेय, आणि कानाशी श्वास न घेणारं कुणीतरी ऐकतंय, हे सगळं माहीत असून ती नवऱ्याला म्हणाली,

"हुक लावायला पट्टा होता कुठे त्याच्या अंगावर? सगळे पट्टे तुमच्या कपाटात होते. धोंडू पडला, मेला... आणि मग तुम्ही कव्हर फाडून त्याच्या मढ्याला पट्टा बांधलात."