शिळं पाणी

आमच्या पेठेत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की आधी शिळं ओतायचं, पिंप घासायचं, मग नवं भरायचं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे घासण्याच्या बाबतीत जरा कडकच. पण मोरीतल्या निळ्या पिंपाला गुरुराज हात लावू देत नव्हता.

गुरुराज माझा धाकटा भाऊ. मित्रांबरोबर गेला असताना उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये त्यांची होडी फुटली. मित्र बुडाले, फळीला धरून हा एकटा वाचला. तेव्हापासून माझ्याकडेच होता. कामावर जाणं बंद, दोन घास खाल्ले तर खाल्ले. हाडं दिसू लागली होती. पिंपाशेजारी खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा आणि स्वतः रचलेली कविता पुटपुटायचा :

फुटल्या होडीची फळी, वर मी एकटा.
खाली पायांना धरून आहेत, तेही एकटेच.

पुढच्या ओळीपाशी तो थांबायचा.

आमच्या सोलापूरला पाणी उजनीचंच येतं. पिंपातल्या पाण्यावर हिरवी, जाड साय धरली होती. बोट लावलं की ती तुटत नसे, ताणली जाई. सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीचंच शेवाळ दिसलं. वास मात्र शेवाळाचा नव्हता. भिजून सुटलेल्या कातडीचा होता.

शेजारच्या सुंदरम्मा दारातूनच म्हणाल्या, "मासळी शिजवतीस की काय गं? उद्या आमच्याकडं स्वामी जेवायला येणारेत की. वासानंच परत जातील."

सकाळी नळ आला. मी पिंपाला हात घातला.

"ओतू नको, अक्का. ते कुठं जातील?"

"गटारात," मी म्हणाले आणि पिंप आडवं केलं.

पाणी कोमट होतं. माझ्या घोट्यांवरून थांबत थांबत गेलं. साय पायांना चिकटली. तळाशी आखूड केसांचे पुंजके होते. मी तिथंच ओकले.

मान वर केली तेव्हा गुरुराजनं पाय जमिनीवर ठेवले होते.

त्यानं भाकरी मागितली. पोटभर जेवला. शर्ट बदलून कामावर निघाला. दारात थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाय झाडू नको, अक्का. मी झाडले होते."

मी पाय साबणानं धुतले, मग जंतुनाशकानं. कोरडे पुसले. बोटं पांढरी, सुरकुतलेलीच राहिली.

संध्याकाळी सुंदरम्मा दारात आल्या. "गेला की गं वास. आत या म्हणशील की नाही?"

"या," मी खुर्चीतूनच म्हणाले.

फरशी ठणठणीत कोरडी होती. पाय मी वरच ठेवले.