मागच्या सीटचा पट्टा

बोरगावच्या चंपाबाईचा नेम साऱ्या गल्लीला ठाऊक होता. घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की त्याच्या तोंडून "पोचलो" ऐकेपर्यंत बाई घास घ्यायची नाही. नवरा रायगोंडा मोटरसायकलवरून कोल्हापूरला गेला, त्या दिवशी ही त्याची वाट न बघता जेवून बसली, आणि तो येताना कोगनोळीच्या अलीकडं... जाऊ दे. तेव्हापासूनचा नेम. त्यात बाई एकभुक्त, रोज तिसऱ्या प्रहरीच काय ती ताटावर बसायची; आणि जैनाघरची रीत, दिवस बुडाल्यावर अन्नपाणी बंद. म्हणजे उन्हं असताना फोन आला तर जेवण, नाहीतर बाई तशीच उपाशी आडवी व्हायची.

आता अशा बाईचा एकुलता एक पोरगा, कुमार, बायको दिव्याला घेऊन नॉर्वेला निघाला. तेही तिथं भाड्यानं गाडी घेऊन स्वतः हाकत फिरायला! निपाणीत त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, गाडीचा नाद पहिल्यापासून. दिव्यानं मोबाइलवर तिथले डोंगर दाखवले आणि हा पाघळला.

"आई, रोज मुक्कामाला पोचलो की फोन करतो," निघताना तो म्हणाला.

"दिवस बुडायच्या आत कर रं बाळा. साखरेची गोळी हाय मला. पोटात काय न्हाय गेलं तर डोळ्यापुढं अंधारी येतीया."

"तिकडं दिवस बुडतच न्हाय आई, उन्हाळाभर!" कुमार खदखदून हसला.

तिकडं नसेल बुडत, पण बोरगावात बुडतो ना मर्दा? एवढं त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

तिकडची मजा मात्र काय सांगावी! स्टेअरिंग डावीकडं, रस्त्याला खड्डा म्हणून नाही. एका अंगाला काळंभोर पाणी, दुसऱ्या अंगाला बर्फाचे डोंगर, आणि वळणावळणाला धबधबा. दिसला की थांब, फोटो काढ, घरून आणलेल्या दशम्या सोड. सूर्य डोक्यावर असल्यावर जेवायला बंधन कसलं? दोघं कधीही खायची, कुठंही खायची. मुक्कामाला पोचेपर्यंत इकडं बोरगावात केव्हाच दिवेलागण झालेली असायची.

"पोचलो आई."

"बरं झालं. झोपते आता."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल गेला होता. कुमारला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त आला. लाखभर कामं सोडून माणूस चार दिवस मजा करायला येतो, आणि ही बाई तिकडं उपाशी बसून त्याच्या मजेत माती कालवते!

पुढच्या दिवशी एका खाडीच्या कडेला त्यानं गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर लावला आणि फोन काढला.

"अहो, अजून लई लांब जायचंय की," दिव्या म्हणाली. "आई नेमावर हाईत. खोटं नका सांगू."

"तिला काय दिसतंय? जेवंल तरी." आणि फोनमध्ये तो मोठ्यानं म्हणाला, "पोचलो आई! जेव आता."

इंडिकेटर टिकटिकत होता.

"पोचलास?... खरंच?"

"व्हय गं. खोलीतच हाय."

"बरं," ती म्हणाली.

गाडी पुढं निघाली. थोड्या वेळानं घंटी वाजायला लागली. टिंग... टिंग... टिंग. समोर लाल खूण लागली होती. मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि पट्टा बांधलेला नाही, असं गाडीचं म्हणणं.

दिव्यानं वळून बघितलं. मागं काही नव्हतं. सामान सगळं डिकीत.

"सेन्सर बिघडलाय," कुमार म्हणाला. त्यानं उतरून रिकाम्या सीटवर पट्टा ओढून लावला. घंटी थांबली. तो हसलासुद्धा.

पुढं डोंगरातला बोगदा लागला. त्या अख्ख्या मुलखात अंधार काय तो तिथंच. आत शिरल्यावर मागं खट् झालं. पट्टा सुटला. टिंग... टिंग... आणि डांबरगोळ्यांचा वास आला, आईच्या ट्रंकेतल्या पातळांना येतो तोच.

"अहो..." दिव्यानं त्याचं मनगट धरलं. "मागं बघू नका..."

"पोचलास का रं?"

आवाज थकलेला होता. गाडी भिंतीला घासता घासता वाचली. बोगदा संपला, लख्ख ऊन आलं. सीट रिकामी होती. फक्त मधोमध दबलेली.

मुक्कामाला आल्यावर बघतो तर शेजारच्या मनुबाईचे फोनावर फोन येऊन गेलेले.

"कुमार... आक्का गेली रं," ती हुंदके देत म्हणाली. "तुजा फोन आला तशी ताटावर बसली. पयला घास तोंडात घातला आन् थांबली. म्हणली, मनु, फोनात गाडीची टिकटिक येत हुती. ह्यो अजून पोचल्याला न्हाय गं. आन् तवाच ठसका लागला. घास घशात अडकला. अंगात जीव कुटं हुता तिच्या खोकायला?"

चुलतभाऊ युवराजनं अग्नी दिला. कुमारला तेवढंही जमलं नाही.

परत आल्यावर विमानतळावरून ती दोघं आपल्या गाडीनं निघाली. ती जुनी गाडी, मागच्या सीटला घंटी नाहीच मुळात. पण कोगनोळीचा नाका ओलांडला आणि टिंग... टिंग... सुरू झालं. बोरगाव येईपर्यंत ते थांबलं नाही.

घरी मनुबाईनं ताट वाढलं. उन्हं अजून उंबऱ्यावर होती. कुमारनं पहिला घास उचलला.

"पोचलास का रं?" अगदी कानामागं.

कुमार ओक्साबोक्शी रडायला लागला. "पोचलो आई. घरी हाय. तुज्याच सोप्यात बसलोय की गं..."



"मागल्या बारीलाबी असंच म्हणलास."

घास घशाखाली उतरला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी नळी घालून घसा तपासला, दोष काही सापडेना. सलाइनवर माणूस किती दिवस काढणार? बरगड्या वर आल्यात पोराच्या. तरी रोज तिसऱ्या प्रहरी तो ताटावर बसतो, हात जोडतो. "पोचलो आई, खरंच पोचलो," म्हणत राहतो, आणि बघता बघता दिवस बुडतो. मग दिव्या ताट उचलून नेते.

तेवढा वेळ घंटी वाजत असते. दिव्यालाही ऐकू येते. दिवस बुडला, की कुमारच्या पाठीमागं खट् करून पट्टा लागतो आणि घंटी थांबते.

आधी एकच पट्टा लागायचा. कालपासून दोन लागतात; दुसरा कुमारच्याच छातीवर.